पाहुण्यांची खोली

भ्रष्टाचाराचा आरोप होताच परदेशी निघून गेलेल्या अधिकाऱ्यांना कायदेशीर मार्गाने परत आणणे, या एकमेव कामासाठी सचिवालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक स्वतंत्र कक्ष स्थापन करण्यात आला होता. कक्षाने आजवर कोणालाही परत आणलं नव्हतं. त्यामुळे परत आणलेल्या एकाही अधिकाऱ्याची कक्षाविरुद्ध तक्रार नव्हती, आणि ही गोष्ट वार्षिक अहवालात दरवर्षी पहिल्याच पानावर अभिमानाने नमूद केली जात असे.

ज्यांना आणायचं त्यांना कक्षात बोलताना कोणी ‘आरोपी’ म्हणत नसे. आरोप सिद्ध व्हायचे होते, मग उगाच कोणाचं मन का दुखवा? शिवाय उद्या माणूस निर्दोष सुटला आणि याच इमारतीत दोन मजले वर येऊन बसला तर काय घ्या! म्हणून त्यांना ‘पाहुणे’ म्हणायची पद्धत होती. ‘पाहुण्यांचं काही कळलं का?’ ‘पाहुणे यंदा तरी येताहेत का?’ असं दिवसभर चाले. नवख्याला वाटावं, इथे कोणाच्या तरी घरी लग्न निघालंय.

या कक्षात ताई भाषांतरकार होती. इकडचे कागद तिकडच्या भाषेत आणि तिकडचे इकडच्या भाषेत करण्याचं सगळं लचांड तिच्या गळ्यात होतं. वयाने ती तिथल्या निम्म्या लोकांहून लहान, पण कक्षप्रमुखांपासून शिपायापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. ती नोकरीला लागली त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ डबा घेऊन आला आणि दारातूनच त्याने ‘ताई!’ अशी खणखणीत हाक मारली, तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच.

तो धाकटा आता तुरुंगात होता.

झालं होतं असं, की धाकटा एका मुख्य अभियंत्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. या मुख्य अभियंत्याने शहरातला नवा तुरुंग बांधला. नकाशात मजले चार, बिलं निघाली चार मजल्यांची, आणि इमारत उभी राहिली ती तीन मजल्यांची. चौथ्या मजल्याला रंग मात्र दोनदा दिला होता, तशा पावत्या होत्या. खिडक्या नकाशात होत्या, भिंतीत नव्हत्या. गटार होतं, पण ते कुठे जात नव्हतं, आतल्या आतच थांबत होतं. या सगळ्याचा बोभाटा झाला तेव्हा मुख्य अभियंता पाठदुखीवर इलाज करून घ्यायला समुद्रापलीकडच्या एका देशात गेले आणि पाठ तिकडेच टेकून राहिले. अशा रीतीने ते कक्षाचे पाहुणे झाले.

धाकट्याने गाडीच्या डिकीत पिशव्या ठेवल्या आणि काढल्या, हा त्याचा गुन्हा. पिशव्यांत काय आहे हे कधी विचारलं नाही, हा दुसरा. त्याने जामीन मागितला तर न्यायाधीश म्हणाले, साहेब पळाला, हा तर साहेबाचा ड्रायव्हर, हा आणखी वेगाने पळेल. मग निदान खटला तरी चालवा म्हटलं, तर आरोपी क्रमांक एक हजर झाल्याशिवाय आरोपी क्रमांक दोनचा खटला एकट्याने कसा चालवणार, असं उत्तर मिळालं. पाहुणे यावेत, खटला उभा राहावा आणि धाकटा सुटून घरी यावा, एवढं एकच मागणं ताईने आयुष्याकडे ठेवलं होतं.

सख्ख्या बहिणीने याच प्रकरणाची भाषांतरं करावीत का, असा प्रश्न ताईने स्वतःच लेखी उपस्थित केला होता. कक्षप्रमुखांनी त्यावर शेरा मारला: ‘नाते आरोपी क्रमांक दोनशी आहे. कक्षाचे काम आरोपी क्रमांक एकशी आहे. सबब हरकत नाही.’

ती भेटीला जाई तेव्हा मधे जाळी असे. जाळीपलीकडे धाकटा आधी पोटभर खोकून घेई आणि मग बोलायला लागे.

“कसा आहेस रे?”

“बरा आहे. आम्ही पाळीने झोपतो गं. अर्धे झोपले की अर्धे उभे. उभं असलं तरी भिंतीला टेकायचं नाही, पोपडे अंगावर येतात. साहेबांनी सिमेंट वाचवलं होतं ना!”

“हसतोस काय?”

“मग काय करू? आईला सांगू नकोस हां हे. बाकी, पाहुण्यांचं काही कळलं का?”

पाहुण्यांचं कळत होतं, पण जे कळत होतं ते सगळं उलटंच होतं. तिकडच्या न्यायालयात पाहुण्यांच्या वकिलाने पहिली हरकत घेतली ती अशी, की ज्या कृत्यासाठी माणूस मागता ते कृत्य या देशातही गुन्हा असलं पाहिजे. कंत्राटदाराकडून टक्केवारी घेणं इथे गुन्हा नाही, त्याला इथे सल्ल्याची फी म्हणतात. पाहुण्यांनी तिकडे पोचल्या पोचल्या त्या फीवर करही भरून टाकला होता. कक्षाने यावर बरीच पुस्तकं धुंडाळली. शेवटी न बांधलेल्या मजल्याला रंग देणं हा दोन्ही देशांत गुन्हाच आहे, असं न्यायालयाला कसंबसं पटलं. मात्र असा गुन्हा तिकडे पूर्वी कोणाला सुचला नव्हता, असंही निकालपत्रात कौतुकाने लिहिलेलं होतं.

ताई आनंदली. तोवर दुसरी हरकत येऊन थडकली. वकील म्हणाला, माझ्या अशिलाला ज्या तुरुंगात ठेवणार तो माणसाने राहण्यालायक नाही. तिथे पाठवणं ही अमानुष वागणूक ठरेल. न्यायालयाने पुरावा मागितला. तेव्हा पाहुणे स्वतः साक्षीला उभे राहिले.

“ती इमारत मी बांधली आहे,” पाहुणे शपथेवर म्हणाले. “तिच्यात काय घातलंय आणि काय घातलेलं नाही, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मी तर तिथे एक रात्रसुद्धा काढणार नाही.”

हा जबाब भाषांतराला आला तेव्हा ताई वाचता वाचता खुर्चीतून उठलीच. कागद फडकवत ती कक्षप्रमुखांच्या खोलीत शिरली.

“सर, कबुली दिली! शपथेवर दिली!”

“हळू बोला, ताई. बसा.” कक्षप्रमुखांनी कागद वाचला आणि मान डोलावली. “छान जबाब आहे. पण पाठवणीच्या सुनावणीत जे बोललं जातं ते मूळ खटल्यात वापरता येत नाही. करारातच तसं कलम आहे.”

“मग तो कबूल करतोय त्याचं करायचं काय?”

“खोडून काढायचं. आता आपल्याला प्रतिज्ञापत्र द्यावं लागणार, की इमारत उत्तम आहे.”

“सर, इमारत उत्तम आहे असं आपणच म्हटलं, तर मग त्याने खाल्लं काय?”

“आणि वाईट आहे म्हटलं तर ते त्यांना सोडणार नाहीत. अहो ताई, आपला कक्ष आणण्याचा आहे. शिक्षा देण्याचा कक्ष खाली दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं?”

प्रतिज्ञापत्र तयार झालं. तुरुंग हवेशीर, प्रशस्त, मजबूत आणि नकाशाबरहुकूम असल्याचं सरकारने शपथेवर सांगितलं. ‘हवेशीर’ या शब्दापाशी ताईचं पेन अडलं. धाकट्याचा खोकला तिच्या कानात होता. पण पोटासाठी माणूस काय काय लिहितो! तिने तिकडच्या भाषेतला त्यातल्या त्यात नेमस्त शब्द शोधला आणि दात-ओठ खात लिहून टाकला. पाहुण्यांच्या वकिलाने ते प्रतिज्ञापत्र न्यायालयात मोठ्याने, अगदी रंगवून वाचून दाखवलं आणि विचारलं, की फिर्यादी सरकार स्वतःच माझ्या अशिलाच्या बांधकामाची अशी तोंडभरून स्तुती करतंय, तर मग त्यांना परत न्यायचंय ते सत्कारासाठी का?

पेच मोठा होता. तुरुंग चांगला तर गुन्हा नाही, आणि तुरुंग वाईट तर गुन्हेगार नाही. कक्षात बैठकांवर बैठका झाल्या, चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्या, आणि अखेर मधला मार्ग निघाला. तुरुंग वाईटच आहे असं मान्य करायचं, पण पाहुण्यांपुरती एक खोली त्यात नव्याने बांधायची, तिकडच्या न्यायालयाला हवी तश्शी.

निविदा निघाली. कंत्राटदाराला तुरुंग बांधण्याचा पूर्वानुभव असावा, अशी साधी अट होती. असा अनुभव असलेला शहरात एकच कंत्राटदार निघाला. तो पाहुण्यांचा मेहुणा होता.

“सर, ती अनुभवाची अट काढता येणार नाही का?” ताईने विचारलं.

“अनुभव नसलेल्याकडून तुरुंग बांधून घ्यायचा?” कक्षप्रमुख दुखावले. “उद्या काही पडलं-झडलं तर जबाबदार कोण?”

खरं सांगायचं तर मेहुण्याने काम दृष्ट लागण्याजोगं केलं. घरचंच माणूस राहायला येणार होतं ना! भिंतीत सिमेंट पुरेपूर घातलं. पूर्वेला मोठी खिडकी काढली. पाठीला बरी म्हणून कडक गादी, पुस्तकांना फळ्या, पाय न दुमडता बसता येईल असा संडास, आणि आवाज न करणारा पंखा. एवढी जागा आणायची कुठून? तर ती तळमजल्यावरच्या बराकीतून काढली. धाकट्याची बराक तीच. तिचा तिसरा हिस्सा खोलीत गेला, माणसं होती तेवढीच राहिली, आणि झोपेच्या पाळ्या दोनाच्या तीन झाल्या. पुढच्या भेटीला धाकटा खोकत आला आणि नुसता खोकतच राहिला. बोलायला वेळच उरला नाही. ताई परत येताना बसमध्ये तोंड पदरात घालून रडली.

मग तिकडच्या न्यायालयाने पाहणीसाठी एक निरीक्षक बाई पाठवल्या. दुभाषी म्हणून ताई बरोबर होतीच. खोलीकडे जायचा रस्ता बराकीवरून होता. गजांमागे माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि त्यांच्या पायांशी दुसरी माणसं निजली होती. निरीक्षक बाई थबकल्या.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

“हे आमचेच आहेत,” तुरुंगाधिकारी अदबीने म्हणाले. “यांना कुठल्याही देशाकडून मागवलेलं नाही.”

ताईने भाषांतर केलं. निरीक्षक बाईंनी वहीत ‘कार्यकक्षेबाहेर’ असं लिहिलं आणि पुढे चालू लागल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, पण नेमून दिलेलं काम म्हणजे नेमून दिलेलं काम.

खोली त्यांना आवडली. गादी दाबून बघितली, पंखा लावून बघितला. मग त्यांनी नाक वर करून वास घेतला. “रंग नवा आहे. इथे कोणी राहिलंय का?”

“छे! पाहुण्यांसाठीच राखून ठेवली आहे.”

“माणूस राहिलेलाच नाही, तर माणसाने राहण्यालायक आहे हे मी कशावरून लिहू?”

मुद्दा बिनतोड होता. तेव्हा असं ठरलं, की एक नमुना कैदी या खोलीत ठेवावा आणि त्याची प्रकृती कशी राहते याचे अहवाल तिकडे पाठवावेत. कैदी शक्यतो पाहुण्यांसारखाच असावा. पाहुण्यांना धुळीचा त्रास होता, पाठ दुखत होती आणि ते याच प्रकरणातले होते. तुरुंगाधिकाऱ्यांनी सगळी बराक धुंडाळली. खोकणारा, उभं राहून राहून पाठ धरलेला आणि याच प्रकरणातला असा एकच कैदी निघाला.

धाकटा खोलीत राहायला गेला.

त्यानंतर ताईच्या टेबलावर अहवाल येऊ लागले. ‘नमुना कैद्यास रात्री झोप लागली.’ ‘नमुना कैद्याने आपणहून खिडकी उघडली.’ ‘नमुना कैद्याचा खोकला कमी आहे.’ इतकी वर्षं सरकारी मजकुराची भाषांतरं करून ताईचा मेंदू लाकूड झाला होता, पण ‘खिडकी उघडली’ या दोन शब्दांशी तिचे डोळे भरून आले. तिने ते वाक्य तिकडच्या भाषेत इतकं सुंदर लिहिलं, की तिकडच्या न्यायाधीशांनी ते निकालपत्रात जसंच्या तसं घेतलं. ती भेटीला गेली तर धाकट्याचे गाल वर आलेले, तोंडावर तकाकी. आई तर त्या दिवसापासून पुन्हा दोन्ही वेळा जेवायला लागली.

आणि मग एके सकाळी निकालच आला. न्यायालयाचं समाधान झालं होतं. पाहुण्यांना पाठवायला हरकत नव्हती. खोली रिकामी करून तयार ठेवली आहे, एवढं एक कक्षाने कळवलं की पाहुणे विमानात बसणार होते.

कक्षात सुतकी शांतता पसरली. कक्षप्रमुखांनी निकाल तीनदा वाचला आणि घाम पुसला.

“म्हणजे खरंच येणार?” ते म्हणाले. “अहो, मग त्यांना आणायला विमानतळावर कोणी जायचं? त्याची काही पद्धतच ठरलेली नाही आपल्याकडे. आणि पुढच्या अहवालात पहिल्या पानावर लिहायचं काय?”

ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत तुरुंगात गेली.

“पाहुणे येताहेत!” जाळीला तोंड लावून ती म्हणाली. “खटला उभा राहणार आता तुझा!”

धाकटा हसला नाही. “कधी येताहेत?”

“आपण कळवलं की लगेच. खोली तेवढी रिकामी करायची.”

“म्हणजे मी परत बराकीत.”

“अरे, थोडे दिवस! मग सुटशीलच की!”

“आपला वकील काय म्हणतो? किती दिवस?”

ताईने जाळीवरचा हात काढून घेतला. सरकारने दिलेला वकील तिला येतानाच भेटला होता. तो म्हणाला होता, की खटला उभा राहील, राहणार नाही असं नाही. पण बसेल कधी ते विचारू नका. पाहुण्यांचे वकील जबरदस्त, तारखांवर तारखा घेतील, पाहुणे खोलीत आरामात असल्यावर त्यांना कसली घाई?

“ताई,” धाकटा खाली बघत म्हणाला, “थंडीपुरतं लांबवता नाही का यायचं?”

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. “लाज नाही वाटत? तुझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं मी! त्या मेल्याला आणायला इतकी वर्षं खोटंनाटं लिहिलं, नाही नाही त्यांच्यापुढे माना तुकवल्या, आणि तूच म्हणतोस लांबव?”

“लाज वाटते गं,” धाकटा म्हणाला. “पण झोपही लागते.”

ती तशीच उठून घरी आली. आईला सगळं सांगितलं. आईने तिला पाणी आणून दिलं. मग नुसतं म्हणाली, “खोकला गेलाय बघ त्याचा.” आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी कक्षात आली. ‘खोली रिकामी आहे’ हे एका ओळीचं पत्र तिला लिहायचं होतं. ती कोऱ्या कागदाकडे बघत राहिली. ती ओळ लिहिली की पाहुणे येणार होते, आणि पाहुणे आले की न्यायाची चाकं हलणार होती, निदान कुरकुरणार तरी होती. कक्षातल्या प्रत्येक दिरंगाईवर आजवर बोटं मोडणारी एकटी तीच होती. तिने पेन उचललं आणि एका ओळीच्या जागी पान भरून टिपण लिहिलं.

टिपणात म्हटलं होतं: ‘माननीय न्यायालयाने खोली राहण्यालायक ठरवली ती नमुना कैद्यासह. त्यास बाहेर काढल्यास तपासलेली परिस्थिती बदलते. तसेच, एका माणसाच्या सोयीसाठी दुसऱ्या माणसास राहण्यालायक जागेतून काढून राहण्यालायक नसलेल्या जागेत ठेवणे ही अमानुष वागणूक ठरते किंवा कसे, याचा कृपया खुलासा व्हावा.’

कक्षप्रमुखांनी टिपण उभ्यानेच वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला.

“वा, ताई, वा! इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंत? मला वाटायचं, तुम्हाला हे काम कधी कळायचंच नाही.” त्यांनी झोकात सही केली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

तिकडच्या न्यायालयाला मुद्दा अत्यंत गंभीर वाटला. पाहुण्यांची पाठवणी स्थगित झाली. पाहुण्यांसाठी दुसरी स्वतंत्र खोली बांधावी, तीही त्याच दर्जाची असावी, आणि राहण्यालायक आहे हे सिद्ध करण्यासाठी तिच्यातही आधी एक नमुना कैदी ठेवून पाहावा, असा आदेश निघाला. निविदेतली अनुभवाची अट कायम आहे. मेहुण्याने बराकीच्या उरलेल्या जागेची मापं घेतली आहेत. पाहुणे तिकडे समुद्रकिनारी फिरतात, धाकटा इकडे पंख्याखाली झोपतो, आणि ताईला वरिष्ठ भाषांतरकार म्हणून बढती मिळाली आहे.

वर्तमानपत्रं अधूनमधून विचारतात, की पाहुण्यांना कोण पाठीशी घालतंय? तुम्हीही ते वाचून वर बोट दाखवत म्हणत असाल, फार मोठी मोठी माणसं गुंतलेली असणार यात. असतील, आपण कुठे नाही म्हणतोय! पण मघाशी ताई त्या कोऱ्या कागदापुढे बसली होती, तेव्हा तुम्हीही मनात देव पाण्यात घालून बसला होतात: लिही बाई, लिही, पोराचा खोकला गेलाय. खोटं बोलू नका. तुमचं काही चुकलं असंही नाही, पोरगा गुणी आहे. फक्त त्या बराकीत आता किती माणसं उभ्याने रात्र काढतात आणि त्यांच्यातलं कोण कोण खोकतंय, हे तुम्ही अजून एकदाही विचारलेलं नाही. निरीक्षक बाईंनीही विचारलं नव्हतं. पण त्या परक्या देशातून आल्या होत्या.